ओस्कर हिंडेनबर्गचा खरा दोष कोणता?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

विसाव्या शतकातील सत्तांतरांवर आपल्या रविवार पुरवणीत जी लेखमाला सुरू आहे, तिच्यातील जर्मनीविषयीचा लेख वाचला. वायमार प्रजासत्ताकाच्या, म्हणजे हिटलरपूर्वीच्या जर्मन लोकशाहीच्या, अखेरच्या महिन्यांतील गुंतागुंत मोजक्या जागेत मांडणे अवघड असते आणि लेखकाने ती बरीचशी नीट मांडली आहे. मात्र राष्ट्राध्यक्ष पाउल फॉन हिंडेनबर्ग यांचा मुलगा आणि लष्करी साहाय्यक ओस्कर याच्यावर लेखात जो ठपका ठेवला आहे, तो मला पटला नाही. नॉयडेक येथील आपल्या घराण्याची जमीनदारी वाचवण्यासाठी ओस्करने एका रात्रीत हिटलरशी सौदा केला आणि बापाला फितवून त्याच्या हाती देश दिला, असा लेखाचा एकूण रोख आहे. ओस्करची बाजू घेण्याचा माझा मुळीच विचार नाही. उलट त्याने जे केल्याचा पुरावा आहे ते लेखात आलेलेच नाही, आणि ज्याचा पुरावा नाही त्यावर दोन रकाने खर्च झाले आहेत, एवढीच माझी तक्रार आहे. (गेल्या काही वर्षांत हिंडेनबर्ग हे नाव आपल्या वाचकांच्या परिचयाचे झाले ते शेअर बाजारातल्या एका अहवालामुळे. अहवाल काढणाऱ्या त्या संस्थेने नाव घेतले होते १९३७ मध्ये जळालेल्या जर्मन हवाई जहाजावरून, आणि त्या जहाजाला नाव दिले होते याच राष्ट्राध्यक्षांचे.)

ओस्करचा जन्म ३१ जानेवारी १८८३ रोजी पूर्व प्रशियातील क्योनिग्सबर्ग येथे झाला. वडील सेनाधिकारी, आई गेरट्रूड हीही सेनापतीची मुलगी, आणि दोन बहिणींमध्ये हा एकटा मुलगा. त्यामुळे त्याने कोणता पेशा घ्यावा हा प्रश्न त्या घरात कधी उद्भवलाच नसावा. वडील ज्या पलटणीत होते त्याच तिसऱ्या गार्ड पायदळ रेजिमेंटमध्ये तो दाखल झाला. या पलटणीचे नाव लक्षात ठेवण्यासारखे आहे, कारण पुढे चॅन्सलर, म्हणजे सरकारचा प्रमुख, झालेला कुर्ट फॉन श्लायशर आणि १९३३ मध्ये सरसेनापती असलेला हामरश्टाइन हे दोघेही तिच्यातलेच. जर्मनीच्या भवितव्याचा निकाल ज्या जानेवारी महिन्यात लागला, त्या महिन्यातली चार प्रमुख माणसे एकाच पलटणीच्या मेसमध्ये वाढलेली होती. पहिल्या महायुद्धात ओस्करने मुख्यतः स्टाफ अधिकारी म्हणून काम केले. त्याच्या हातून काही मोठा पराक्रम झाल्याची नोंद नाही आणि फार मोठी चूक झाल्याचीही नाही. तानेनबेर्गच्या लढाईत रशियनांना हरवणाऱ्या सेनापतीचा मुलगा हीच त्याची ओळख राहिली.

एप्रिल १९२५ मध्ये वडील राष्ट्राध्यक्षपदी निवडून आले तेव्हा ते सत्त्याहत्तर वर्षांचे होते आणि चार वर्षांपूर्वी त्यांची पत्नी वारली होती. ओस्कर तेव्हा बेचाळीस वर्षांचा, हुद्द्याने मेजर. तो राष्ट्राध्यक्षांचा लष्करी साहाय्यक म्हणून नेमला गेला आणि पत्नी मार्गारेटसह बर्लिनमधील विल्हेल्मश्ट्रासे या रस्त्यावरच्या राष्ट्राध्यक्षांच्या वाड्यात राहायला आला. पाहुण्यांचे आदरातिथ्य सुनेने पाहावे, लष्कराशी येणेजाणे मुलाने पाहावे आणि दफ्तराचा कारभार ओटो माइसनर या सचिवाने पाहावा, अशी ही व्यवस्था होती. आपल्या राजभवनातल्या एडीसीसारखेच हे पद. कागदावर त्याला निर्णयाचा कोणताही अधिकार नव्हता. तरीही बर्लिनमध्ये ओस्करला ‘राज्यघटनेत तरतूद नसलेला राष्ट्राध्यक्षपुत्र’ म्हणून हिणवले जाई. ज्यांनी आपल्याकडे एखाद्या बड्या दालनाबाहेर चिठ्ठी पाठवून तासन्‌तास वाट पाहिली आहे, त्यांना या टोमण्याचा अर्थ समजावून सांगण्याची गरज नाही.

पण केवळ दाराशी बसलेल्या माणसाला एवढे महत्त्व का आले, हे लेखात यायला हवे होते. वायमार राज्यघटनेने राष्ट्राध्यक्षाला चॅन्सलर नेमण्याचा, संसद बरखास्त करण्याचा आणि अठ्ठेचाळीसाव्या कलमाखाली वटहुकूम काढण्याचा अधिकार दिला होता. संसदेत बहुमताचे सरकार असेपर्यंत हे अधिकार बहुतांशी म्यानात राहतात. मार्च १९३० मध्ये ब्र्यूनिंग चॅन्सलर झाला तेव्हापासून एकाही सरकारच्या मागे स्वतःचे असे बहुमत नव्हते. १९३१ मध्ये ४४ वटहुकूम निघाले, तर १९३२ मध्ये ६६, आणि त्या वर्षी संसदेने संमत केलेले कायदे होते अवघे ५. म्हणजे देश चालत होता तो एका वृद्धाच्या सहीवर, आणि त्या वृद्धाला गाठायचे तर त्याचा मुलगा, त्याचा सचिव किंवा नॉयडेकच्या शेजारपाजारचे जमीनदार यांच्यापैकी कोणाच्या तरी मध्यस्थीने. अशा वेळी साहाय्यक हुशार आहे की मठ्ठ याला फारसे महत्त्व उरत नाही. ओस्करला बहुतेकांनी मठ्ठच म्हटले आहे, आणि त्याची कारकीर्द पाहता मला ते खोटे वाटत नाही. पण मठ्ठ माणसाच्या हातातली किल्लीसुद्धा कुलूप उघडतेच.

या किल्लीचा सर्वांत चतुर उपयोग केला तो श्लायशरने. पलटणीतल्या जुन्या मैत्रीमुळे तो वाड्यात घरच्यासारखा वावरत असे. ब्र्यूनिंगला आणण्यात आणि मे १९३२ मध्ये त्याला घालवण्यात, त्याच्या जागी फ्रान्झ फॉन पापेन याला बसवण्यात आणि डिसेंबरात पापेनलाही दूर करून स्वतः चॅन्सलर होण्यात त्याचा हात होता. विशेष म्हणजे या ब्र्यूनिंगनेच काही आठवड्यांपूर्वी गावोगाव फिरून हिंडेनबर्ग यांना दुसऱ्यांदा निवडून आणले होते. १० एप्रिल १९३२ च्या फेरीत त्यांना ५३ टक्के मते पडली, हिटलरला ३६.८ टक्के. ज्याने मते मिळवून दिली त्याचीच गच्छंती दोन महिन्यांच्या आत व्हावी, यावरून त्या वाड्यातल्या कृतज्ञतेची कल्पना यावी. पापेन मात्र पदावरून गेला तरी सरकारी निवासस्थान सोडून गेला नाही. मागच्या बागांमधून राष्ट्राध्यक्षांपर्यंत त्याला सहज जाता येत असे. श्लायशर चॅन्सलर झाला आणि त्याच सुमारास ओस्करशी असलेली त्याची मैत्री आटली. जी वाट त्याने वर्षानुवर्षे वापरली होती ती त्याला बंद झाली आणि पापेनला खुली राहिली.

आता २२ जानेवारी १९३३ च्या रात्रीकडे वळू, कारण लेखाचा सारा डोलारा त्या रात्रीवर उभा आहे. ओस्कर आणि माइसनर आपापल्या पत्नींसह उंटर डेन लिंडेनवरील ऑपेरागृहात वाग्नरची संगीतिका ऐकायला गेले. लोकांच्या नजरेत भरेल असे बसून झाल्यावर दिवे मंद होताच दोघे बाहेर पडले, टॅक्सी केली आणि बर्लिनच्या डालेम भागातील रिबेनट्रोप या मद्यव्यापाऱ्याच्या बंगल्यावर पोहोचले. तिथे पापेन, ग्योरिंग आणि फ्रिक हे नाझी पुढारी आणि स्वतः हिटलर हजर होते. थोड्या वेळाने हिटलर ओस्करला घेऊन शेजारच्या खोलीत गेला. तिथे दोघेच होते. बोलणे किती वेळ चालले याविषयीही सांगणाऱ्यांचे एकमत नाही, कोणी तासभर म्हणतो, कोणी दोन तास. परत येताना टॅक्सीत ओस्कर गप्प होता आणि नाझींना सरकारात घेण्यावाचून आता गत्यंतर नाही एवढेच तो म्हणाला, असे माइसनरने युद्धानंतर न्यूरेंबर्ग येथे सांगितले. या प्रसंगाविषयीचा आपला बहुतेक आधार तो हाच. सांगणारा माणूस आधीचे राष्ट्राध्यक्ष एबर्ट, हिंडेनबर्ग आणि हिटलर अशा तिघांच्याही हाताखाली सचिवपद टिकवून राहिलेला, आणि त्या वेळी त्याची स्वतःचीच मान अडकलेली. त्याने दोष दुसऱ्याच्या अंगावर थोडा अधिक ढकलला असल्यास आश्चर्य नाही.

बंद खोलीत हिटलरने धमकी दिली, ती नॉयडेकची, असे लेखकाने खात्रीने लिहिले आहे. या तर्काला आधार काय, ते पाहावे. नॉयडेक ही हिटलरने दिलेली इस्टेट होती असा लेख वाचून समज होतो. तो दुरुस्त व्हायला हवा. हिंडेनबर्ग घराण्याशी पूर्वापार संबंध असलेली ती जमीनदारी १९२७ मध्ये, राष्ट्राध्यक्षांच्या ऐंशीव्या वाढदिवसानिमित्त, ओल्डेनबुर्ग-यानुशाऊ या जमीनदाराच्या पुढाकाराने उद्योगपती व जमीनदारांकडून वर्गणी जमवून त्यांना भेट देण्यात आली. तेव्हाच ती ओस्करच्या नावे नोंदली गेली, म्हणजे वडिलांच्या पश्चात वारसा कर भरावा लागू नये. हे अशोभनीय होते यात शंका नाही. त्यातच जानेवारी १९३३ मध्ये पूर्वेकडील कर्जबाजारी जमीनदारांना दिलेल्या सरकारी मदतीतल्या गैरव्यवहाराची चर्चा संसदेच्या अर्थसंकल्प समितीत सुरू झाली आणि राष्ट्राध्यक्षांच्या गोतावळ्यातली नावे लोकांच्या तोंडी आली. धमकीला निमित्त होते एवढे यातून नक्की सिद्ध होते. पण ती धमकी खटल्याची असेल, तर राष्ट्राध्यक्षावर खटला भरायला संसदेत दोनतृतीयांश मते हवीत, आणि नोव्हेंबर १९३२ च्या निवडणुकीनंतर ५८४ पैकी नाझींच्या जागा होत्या १९६. समाजवादी किंवा कम्युनिस्ट यांना सोबत घेतल्याशिवाय हे गणित जमत नव्हते. रस्त्यावर ज्यांची डोकी फोडायची त्यांनाच संसदेत शेजारी बसवून हिटलरने हिंडेनबर्गवर खटला चालवला असता का, याचा विचार लेखकाने करायला हवा होता.

त्याहून महत्त्वाची गोष्ट तारखांची आहे. डालेमच्या त्या रात्रीनंतर चार दिवसांनी, २६ जानेवारीला, हामरश्टाइन राष्ट्राध्यक्षांना भेटला तेव्हा त्या ऑस्ट्रियन कॉर्पोरलला, म्हणजे हिटलरला, आपण संरक्षणमंत्री किंवा चॅन्सलर करू अशी कल्पनाही कोणी करू नये, असे ते म्हणाल्याचे त्याने नमूद केले आहे. मुलगा फितला आणि बाप वळला, इतके ते सरळ असते तर हे चार दिवस मध्ये आले नसते. म्हातारा वळला तो पापेनने जी रचना पुढे ठेवली तिच्यामुळे: पापेन स्वतः उपचॅन्सलर, हुगेनबेर्ग याच्या पक्षाचे राष्ट्रवादी सोबत, नाझी मंत्री हिटलर धरून तिघेच, आणि सेना राष्ट्राध्यक्षांच्या विश्वासातल्या माणसाकडे. शिवाय संसदेत बहुमत मिळून वटहुकमांवरच्या सह्यांचे ओझे उतरेल, ही आशा. यात ओस्करचा विरोध मावळल्याचा उपयोग झालाच असेल. पण ज्या माणसाने डोळे उघडे ठेवून सही केली त्याला ‘वार्धक्याने भ्रमिष्ट’ म्हणून सोडून द्यायचे आणि मुलाला फासावर चढवायचे, हा न्याय नव्हे. इतिहासातल्या मोठ्या पातकासाठी घरातला एखादा दुबळा माणूस शोधून काढण्याची सवय आपल्यालाही आहे. आनंदीबाईंनी ‘ध’चा ‘मा’ केल्याची कथा लहान मुलालाही ठाऊक असते, कागदाचा पुरावा मात्र कोणी मागत नाही.

मग ओस्करचा दोष कुठे? त्याची पहिली जागा आहे बर्लिनचे आनहाल्टर स्थानक, वेळ ३० जानेवारीच्या सकाळची. श्लायशरचे सरकार दोन दिवसांपूर्वी गेले होते आणि बर्लिनजवळच्या पॉट्सडामची फौज उठाव करणार अशी आवई आदल्या रात्री उठली होती. जिनिव्हाच्या निःशस्त्रीकरण परिषदेत असलेल्या जनरल ब्लोमबेर्ग याला तातडीने बोलावून घेतले गेले होते. तो गाडीतून उतरला तेव्हा फलाटावर दोन अधिकारी उभे होते: एक हामरश्टाइनचा साहाय्यक, त्याला लष्कराच्या मुख्यालयात न्यायला आलेला, आणि दुसरा ओस्कर, राष्ट्राध्यक्षांकडे न्यायला आलेला. ब्लोमबेर्ग ओस्करबरोबर गेला आणि लगेच त्याला संरक्षणमंत्री म्हणून शपथ देण्यात आली. राज्यघटनेच्या त्रेपन्नाव्या कलमाप्रमाणे मंत्र्यांची नेमणूक चॅन्सलरच्या प्रस्तावावरून व्हायची. त्या क्षणी नवा चॅन्सलर नेमलेलाच नव्हता. हिटलरचा शपथविधी त्यानंतर काही तासांनी, दुपारच्या सुमारास झाला. म्हणजे नव्या राजवटीचा पहिला मंत्री घटना बाजूला सारून नेमला गेला, आणि त्याला फलाटावरून उचलून आणणारा होता राष्ट्राध्यक्षांचा लष्करी साहाय्यक. श्लायशर आणि हामरश्टाइन या सेनेच्या दोन वरिष्ठ अधिकाऱ्यांकडून हिटलरच्या वाटेत जो शेवटचा अडसर संभवत होता, तो त्या सकाळी दूर झाला. कोणी म्हणेल की साहाय्यकाने हुकूम पाळला, यात त्याचे काय चुकले? मला वाटते की हुकूम पाळणे हा जिथे बचाव होऊ शकतो अशा जागी तो नव्हता. मुलगा म्हणून रोज ज्या कानाशी बोलण्याची त्याला मुभा होती, ती इतर कोणत्याही मेजरला किंवा कर्नलला नव्हती.

त्यानंतर आले बक्षीस. २७ ऑगस्ट १९३३ रोजी तानेनबेर्गच्या समारंभात प्रशियाचा मुख्यमंत्री या नात्याने ग्योरिंगने लांगेनाऊची सरकारी जमीन आणि प्रॉयसनवाल्ड हे जंगल नॉयडेकला जोडून दिले, तेही करमुक्त. १९३४ मध्ये ओस्कर मेजर जनरल झाला. हे आधी ठरलेल्या सौद्याचे पैसे होते की नव्या धन्याने जुन्या घराला मिंधे करून ठेवण्यासाठी टाकलेला तुकडा होता, यावर वाद घालता येईल. घेतले ते मात्र खरे, आणि नाकारण्याची मोकळीक असताना घेतले.

३० जून १९३४ रोजी बर्लिनजवळच्या नॉयबाबेल्सबेर्ग येथे श्लायशरला त्याच्या घरात शिरून गोळ्या घालण्यात आल्या. त्याची पत्नीही मारली गेली. दोन दिवसांत राष्ट्राध्यक्षांच्या नावाने हिटलरचे आभार मानणारी तार प्रसिद्ध झाली. ज्याच्याबरोबर ओस्करने पलटणीत तारुण्य घालवले त्या मित्राच्या खुनानंतर त्याने पद सोडले नाही की जाहीरपणे एक शब्द उच्चारला नाही. प्रशियाच्या अधिकाऱ्यांच्या ज्या इभ्रतीचे एवढे गोडवे गायले जातात, तिच्या मापानेसुद्धा हे क्षुद्र होते.

दुसरी जागा आकाशवाणीचा मायक्रोफोन. २ ऑगस्ट १९३४ रोजी सकाळी नॉयडेक येथे वृद्ध हिंडेनबर्ग वारले. राष्ट्राध्यक्षपद आणि चॅन्सलरपद एकत्र करण्याचा कायदा आदल्या दिवशीच करून ठेवला होता. हिंडेनबर्ग यांनी मे महिन्यात दोन कागदांवर सह्या केल्या होत्या: एक जर्मन जनतेला उद्देशून मृत्युपत्र, दुसरे हिटलरला पत्र, ज्यात राजेशाही पुन्हा आणावी अशी इच्छा होती. दोन्ही पापेनमार्फत बेर्ख्टेसगाडेनला हिटलरकडे पोहोचली. मृत्युपत्र १५ ऑगस्टला छापून आले, पत्र आले नाही. त्यानंतर १८ ऑगस्टच्या संध्याकाळी, म्हणजे पदांच्या या एकत्रीकरणावरील सार्वमताच्या आदल्या दिवशी, ओस्कर रेडिओवर बोलला. आपल्या वडिलांनी हिटलरलाच आपला वारस मानले होते आणि त्यांच्या इच्छेला अनुसरून सर्व स्त्री-पुरुषांनी हे पद त्याच्याकडे सोपवण्याच्या बाजूने मत द्यावे, असा त्याच्या भाषणाचा आशय होता. होहेनझोलर्न या जुन्या राजघराण्याच्या पुनरागमनाची आस लावून बसलेल्या बापाच्या घरात नऊ वर्षे राहिलेल्या मुलाला हे खरे वाटत असेल, यावर माझा विश्वास बसत नाही. दुसऱ्या दिवशी सुमारे ९० टक्के मते बाजूने पडली. तरीही त्या वातावरणात ४० लाखांहून अधिक जर्मनांनी विरोधात मत दिले. त्यांच्यापैकी कोणाच्याही गाठीला नॉयडेक नव्हते, जनरलचा हुद्दा नव्हता आणि ऐकणारा बाप नव्हता.

या भाषणाला साक्षीदारांची गरज नाही, टॅक्सीतल्या उद्गारांची तर नाहीच. सारा देश ऐकत होता. असे असताना लेखात या प्रसंगाला अर्धे वाक्यही मिळू नये आणि डालेमच्या खोलीतले न ऐकलेले संभाषण मात्र जणू लेखक दाराआड उभे असल्यासारखे रंगवले जावे, हे प्रमाण उलटे झाले आहे.

पुढचे आयुष्य थोडक्यात सांगण्यासारखेच आहे. सार्वमतानंतर दीड महिन्याच्या आत तो निवृत्त झाला, नॉयडेकला जमीनदार म्हणून राहिला. दुसऱ्या महायुद्धात त्याला परत बोलावून पूर्व प्रशियातील युद्धकैद्यांच्या छावण्यांवर नेमण्यात आले आणि तो लेफ्टनंट जनरल झाला. या छावण्यांमधील काळाविषयी खरे तर स्वतंत्र लेख हवा. सोव्हिएत युद्धकैदी जर्मन ताब्यात किती मोठ्या संख्येने मेले हे सर्वज्ञात आहे, आणि ओस्करच्या चरित्रात लोक त्या पानावरून झरझर पुढे जातात. जानेवारी १९४५ मध्ये रशियन फौजा जवळ आल्या तेव्हा तानेनबेर्ग स्मारकातून आईवडिलांच्या शवपेट्या हलवण्यात आल्या आणि जर्मनांनीच ते स्मारक सुरुंग लावून उडवले. वडिलांना खरे तर नॉयडेकच्याच मातीत विसावायचे होते; स्मारकातला तो भव्य दफनविधी हिटलरचा. पेट्या थुरिंगियातल्या बेर्नटेरोडे येथील मिठाच्या खाणीत अमेरिकनांना सापडल्या आणि १९४६ मध्ये मारबुर्गच्या सेंट एलिझाबेथ चर्चमध्ये पुरल्या गेल्या. नॉयडेकचा वाडा जळाला आणि ते गाव आज पोलंडमध्ये आहे. ओस्कर पश्चिम जर्मनीत राहिला आणि १२ फेब्रुवारी १९६० रोजी बाट हार्त्सबुर्ग येथे वारला.

लेखमालेचे पुढे पुस्तक होणार असल्याचे आपण जाहीर केले आहे. त्यात हा लेख घेताना नॉयडेकची १९२७ ची भेट आणि १९३३ ची जोडजमीन यांचा झालेला गोंधळ दुरुस्त करावा, ब्लोमबेर्गच्या शपथविधीची वेळ आणि १८ ऑगस्टचे भाषण यांना जागा द्यावी, आणि डालेमविषयी जे लिहायचे ते माइसनरच्या नावावर लिहावे, ही लेखकास विनंती. माइसनरवर त्यांनी एक स्वतंत्र लेख लिहिल्यास मी तो आनंदाने वाचेन. तीन मालक बदलून १९४९ मध्ये न्यायालयातून निर्दोष सुटलेला हा सचिव, ओस्करपेक्षा कितीतरी अधिक हुशार होता आणि त्याच्याविषयी मराठीत फारसे काही वाचायला मिळत नाही.

आपला विश्वासू,
एक नियमित वाचक, सांगली